‘जार्गन’ शब्दाचा अर्थविचार व हिंगोलीचा बाजार

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्यांस इंग्रजी ग्रंथांशीं व सूचींशीं पदोपदीं काम पडतें. अशा ग्रंथांत एखाद्या कागदाविषयीं किंवा एखाद्या जमातीच्या बोलण्याविषयीं ‘हें जार्गन आहे’ असा शेरा आढळतो, आणि आपल्याकडील भाषांतरकार त्याचें ‘अर्थशून्य बडबड’ असें रूपांतर करून मोकळे होतात. त्या शब्दाचा हा अर्थ आहे यांत शंका नाहीं. परंतु तो पांच अर्थांपैकीं एक आहे. कागद टाकून द्यावयाचा कीं जपून ठेवावयाचा, बोलणारा वेडा मानावयाचा, चोर मानावयाचा कीं जाणता मानावयाचा, हें पुष्कळदां या एका शब्दाच्या अर्थावर अवलंबून राहतें. म्हणून प्रस्तुत लेखांत या पांच अर्थांची फोड करून, साधेल तेथें प्रत्येकास हिंगोलीकडील उदाहरण जोडून दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हिंगोली जिल्हा परभणी जिल्ह्यांतून निराळा निघाला तो १ मे १९९९ रोजीं. परंतु हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगांव व औंढा हा मुलूख जुना आहे. रयतेची भाषा मराठी, वरिष्ठ दरबाराची फारसी व पुढें उर्दू, पलीकडे वऱ्हाड, आणि मध्यें निजामाच्या इंग्रज अंमलदारांखालील फौजेची छावणी, असा येथील प्रकार होता. एकमेकांचें बोलणें न कळणाऱ्या लोकांस एकाच बाजारांत व्यवहार करावा लागे. आमच्या विषयास याहून सोईचें स्थळ मिळणें कठीण.

१. शब्दाचा इतिहास

‘जार्गन’ हा शब्द इंग्रजींत जुन्या फ्रेंचांतून आला. त्याचा मूळ अर्थ पक्ष्यांचा किलबिलाट. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर कवीनें तो अशाच अर्थानें योजिला आहे. पक्ष्यांचा आवाज कानास ऐकूं येतो, पण अर्थ लागत नाहीं. त्यावरून न समजणारें मानवी बोलणें, हा दुसरा अर्थ निघाला. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशांत हाच अर्थ दिलेला आहे. तिसरा अर्थ चोरांची अथवा एखाद्या टोळीची गुप्त भाषा. चौथा, दोन-तीन भाषांच्या मिश्रणानें व्यापारापुरती झालेली बोली. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ‘चिनूक जार्गन’ ही अशी होती व तींत तेथील मूळ लोकांच्या भाषांबरोबर फ्रेंच व इंग्रजी शब्द मिसळलेले होते. पांचवा अर्थ, एखाद्या धंद्याची किंवा शास्त्राची परिभाषा. आज इंग्रजींत हाच अर्थ सर्वांत रूढ आहे.

याच उच्चाराचा आणखी एक शब्द रत्नपरीक्षेंत येतो. तेथें ‘जार्गन’ अथवा ‘जार्गून’ म्हणजे झिरकॉन या खड्याची फिकट जात. हा शब्द इटालियन भाषेच्या द्वारें आला असून, त्याचा संबंध फारसींतील सुवर्णवर्ण या अर्थाच्या ‘झरगून’ शब्दाशीं जोडतात. जवाहिराच्या याद्या पाहणाऱ्यांनीं तो बोलण्याच्या ‘जार्गन’शीं मिसळूं नये, इतकेंच येथें सांगावयाचें.

या पांच अर्थांत एक सूत्र आहे. ‘अस्पष्ट’ हा गुण बोलणाऱ्याचा आहे कीं ऐकणाऱ्याचा, हें हा शब्द सांगत नाहीं. पक्षी अस्पष्ट बोलत नाहींत. आपणांस त्यांचें कळत नाहीं इतकेंच. तथापि शेरा मारणारा आपल्या न कळण्याचा दोष नेहमींच बोलणाऱ्याच्या पदरीं घालतो. पूर्व युरोपांतील यहुदी लोकांच्या यिडिश भाषेस तिचे निंदक दीर्घकाळ ‘जार्गन’ म्हणत. त्याच भाषेंत पुढें मोठें वाङ्मय झालें.

२. संस्कृतांतील समांतर शब्द

हा दोष इंग्रजांपुरता आहे असें नाहीं. आपल्या धातुपाठांत ‘म्लेच्छ्’ धातूचा अर्थ अव्यक्त बोलणें असा दिलेला आहे. अव्यक्त बोलतो तो म्लेच्छ, म्हणून परकी तो म्लेच्छ, अशी ही अर्थाची वाटचाल झाली. पतंजलीनें महाभाष्याच्या आरंभीं असुरांची कथा दिली आहे. ते रकाराच्या जागीं लकार उच्चारूं लागले व पराभव पावले, यास्तव आपण म्लेच्छ होऊं नये म्हणून व्याकरण शिकावें, असें तेथें तात्पर्य आहे.

परंतु त्याच धातूपासून दुसराही शब्द निघाला, आणि तो निंदेचा नाहीं. वात्स्यायनानें चौसष्ट कलांत ‘म्लेच्छितविकल्प’ ही एक कला गणिली आहे. हेतुपुरस्सर अक्षरें फिरवून, शब्द बदलून, जाणत्यासच कळेल असें बोलणें वा लिहिणें, ही ती कला. त्यावरील जयमंगला टीकेंत अक्षरें बदलण्याच्या रीतीही सांगितल्या आहेत. महाभारतांत पांडव वारणावतास निघाले असतां विदुरानें युधिष्ठिरास जो इशारा दिला तो असाच गूढ वाणींत होता. जवळ उभ्या असलेल्या कुंतीसही तो कळला नाहीं व तिनें मागाहून अर्थ विचारला. तेव्हां अस्पष्ट, परकें आणि गुप्त, हे तिन्ही अर्थ आपल्याकडेही एकाच धातूच्या पोटीं नांदत होते. इंग्रजी शब्दाचा घोटाळा समजण्यास आम्हांस परदेशीं जावयास नको.

३. गुप्तभाषा : हिंगोलीचा हरिसिंग

आतां तिसऱ्या अर्थाकडे वळूं. कारण हिंगोलीचें नांव इंग्रजी वाङ्मयांत जें गेलें तें याच अर्थाच्या संगतीनें.

निजामाच्या पदरीं नोकरी केलेला फिलिप मेडोज टेलर हिंगोलीच्या छावणींत होता. त्यानें १८३९ सालीं एका ठगाच्या कबुलीजबाबाच्या रूपानें कादंबरी प्रसिद्ध केली. कादंबरी कल्पित असली तरी तिची प्रस्तावना कल्पित नाहीं. तींत तो सांगतो कीं, हिंगोलीच्या छावणींतील हरिसिंग नांवाचा प्रतिष्ठित व्यापारी त्या भागांतील ठगांचा म्होरक्या होता व स्वतः टेलरचाही त्याच्याशीं देण्याघेण्याचा व्यवहार झाला होता. एकदां हरिसिंगानें मुलकी अधिकारी कप्तान रेनल्ड्स याजकडे मुंबईहून कापड आणण्यासाठीं परवाना मागितला. तें कापड हिंगोलीनजीकच्या एका गांवच्या व्यापाऱ्याचें असून वाटेवर होतें, व मालधनी मालाबरोबरच होता. हरिसिंगानें मालधनी, त्याचे चाकर व हांकणारे यांचा जीव घेतला, त्याच परवान्यावर माल हिंगोलीस आणिला आणि छावणींत उघडपणें विकला. पकडला गेल्यावर त्यानें स्वतः सांगितलें नसतें तर ही गोष्ट उघडकीस आलीच नसती, असें टेलर म्हणतो. छावणीच्या बाजारांत, मुख्य गारदीपासून शंभर यार्डांच्या आंत, या टोळीनें अनेकांस मारिलें, आणि पहाऱ्याच्या ओळीपासून जेमतेम पांचशें यार्डांवर एका कोरड्या ओहळांत पुरिलें. ते खड्डे माफीच्या साक्षीदारांनीं दाखविले व त्यांतील कांहीं उकरले जात असतां टेलर तेथें हजर होता.

एवढें होऊनही बाजारांत कोणास वहीम आला नाहीं, याचें एक कारण त्यांची भाषा. विल्यम स्लीमन यानें १८३६ सालीं कलकत्त्यास ‘रामासीआना’ या नांवानें ठगांच्या भाषेचा कोश छापिला. त्या भाषेस ‘रामासी’ असें नांव त्यांत आहे. हे शब्द पाहिले असतां एक गोष्ट तत्काळ ध्यानांत येते. ही स्वतंत्र भाषा नव्हे. वाक्यरचना व प्रत्यय चालू हिंदुस्थानीचे. मोक्याच्या जागीं शब्द निराळे. गळ्यांत फांस टाकणारा तो ‘भुरतोत’, गोड बोलून प्रवाशास भुलविणारा तो ‘सोथा’, खड्डा खणणारा तो ‘लुघाई’, मारण्याचा इशारा ती ‘झिरनी’, ठग नसलेला मनुष्य तो ‘बीतू’, आणि ज्याचा जीव घ्यावयाचा तो प्रवासी म्हणजे ‘बनिज’.

यांतील ‘बनिज’ हा शब्द विचार करण्याजोगा आहे. तो उघडपणें संस्कृत ‘वाणिज्य’ शब्दाच्या वंशांतला असून, हिंदुस्थानींत माल किंवा व्यापार या अर्थानें नित्य चालतो. बाजारांत दोघे बसून ‘उद्यां चांगला बनिज येणार’ असें बोलले, तर शेजारच्या दुकानदारास त्यांत वावगें कांहींच वाटणार नाहीं. शब्द दडवावयाचा नसून अर्थ दडवावयाचा होता. बडबडीसारखी भाषा संशय उत्पन्न करते. साध्या शब्दांची भाषा करीत नाहीं. हरिसिंगाच्या ठायीं तर दोन्ही अर्थ एका मनुष्यांत एकत्र आले. तो खरोखरच बनिज करणारा होता. तेव्हां रामासीस ‘जार्गन’ म्हणावयाचें असेल तर तें केवळ तिसऱ्या अर्थानें. ती अस्पष्ट मुळींच नव्हती. ती अतिशय स्पष्ट होती, म्हणूनच घातक होती.

४. कोशाची विश्वसनीयता

येथें संशोधकानें थबकलें पाहिजे. स्लीमनच्या कोशाचा आधार कोणता? पकडलेल्या व माफी मिळालेल्या साक्षीदारांची जबानी. म्हणजे शब्द सांगणाऱ्याचा जीव त्या सांगण्यावर अवलंबून होता. १८३६ च्या ३० व्या कायद्यानें ठगांच्या टोळींत असणें एवढाच गुन्हा सिद्ध झाला तरी जन्मठेप ठरली. विशिष्ट खून शाबीत होण्याची गरज उरली नाहीं. अशा वेळीं कोण टोळींतला व कोण नव्हे, हें सांगणाऱ्या शब्दास केवढें वजन येतें, हें सांगावयास नको. ‘बनिज’ शब्द प्रामाणिक वाण्याच्याही तोंडीं असणार.

फ्रान्समध्यें असेंच घडलें होतें. १४५५ सालीं दिजों शहरीं ‘कोकियार’ नांवाच्या टोळीचा खटला चालला, आणि तेथेंही टोळीच्या ‘जार्गन’ची शब्दसूची बातमी देणाऱ्यांच्या जबानीवरून लिहून घेण्यांत आली. गुप्तभाषेचे जुने कोश बहुधा अशाच रीतीनें झालेले आहेत: बोलणारा पिंजऱ्यांत, लिहिणारा न्यायासनाजवळ. त्यामुळें ते खोटे ठरत नाहींत. परंतु कोणत्या परिस्थितींत लिहिले गेले याची नोंद शब्दाबरोबरच करावी लागते. ठगी ही निव्वळ इंग्रजांची कल्पना म्हणणें किंवा स्लीमनचें प्रत्येक अक्षर प्रमाण मानणें, ही दोन्ही टोकें अलीकडील अभ्यासकांनीं सोडून दिलीं आहेत. किम वॅग्नर यांच्या २००७ च्या ग्रंथांत हा प्रश्न विस्तारानें चर्चिला आहे.

दुसरी अडचण लिपीची. हे शब्द रोमन अक्षरांत उतरले. त्या काळच्या रोमन लेखनांत त व ट, द व ड, न व ण यांचा भेद राहत नाहीं; स्वरांचें ऱ्हस्वदीर्घही बेभरवशाचें. त्यामुळें आम्हीं वर ‘बीतू’ लिहिलें तें ‘बीटू’ही असूं शकेल, व ‘भुरतोत’ हें ‘भुरटोट’. यास्तव रोमन अक्षरांवरून व्युत्पत्ति लढविण्यापूर्वीं त्याच काळचा देवनागरी, मोडी अथवा फारसी लिपींतील एखादा उतारा मिळविणें हेंच पहिलें काम होय.

५. निरपराध गुप्तभाषा

गुप्त म्हणजे गुन्हेगार, हा समज दृढ होण्यास असल्या कोशांनीं हातभार लाविला. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें पुढें संपूर्ण जमातींवर जन्मतः शिक्का मारला. तो कायदा रद्द झाला १९५२ सालीं. आपल्याकडील कित्येक भटक्या जमातींत आपसांत बोलावयाची सांकेतिक बोली असते; तिला ‘पारुशी’ असें नांव आहे. परक्या गांवीं, परक्या पाटलासमोर, आपल्या माणसास सावध करण्यास ती उपयोगी पडे. तीच त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून पाहिली गेली.

परंतु सांकेतिक बोली सावकार व दलाल यांचीही होती, व तिच्यापायीं त्यांच्यावर कोणीं असा शिक्का मारला नाहीं. आपल्या पेठांतून ‘नंदभाषा’ चाले. तींत एकास ‘केवली’, चारास ‘पोकू’, पांचास ‘मुळू’, सातास ‘पवित्र’, आठास ‘मंगी’ म्हणत. गिऱ्हाइकासमोर दोन दलालांनीं भाव ठरवावा व गिऱ्हाइकास कळूं नये, एवढाच हेतु. जुन्या चिठ्ठींत ‘मुळू’ दिसल्यास तें गांवाचें नांव किंवा लेखकाचा प्रमाद न समजतां, जवळ आंकडा बसतो काय तें पाहावें. एकच कृति, करणारा बदलला कीं एकीकडे चातुर्य व दुसरीकडे गुन्हा ठरते. महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत लिहिले, तेव्हां न वाचणाऱ्यांनीं त्यांविषयींही नाना तर्क केले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं सकळ लिपी उकलल्यावर आंत सांपडली ती मराठीची जुनी व शुद्ध शब्दसंपत्ति.

६. मिश्रभाषा : छावणी व नरसी

चौथा अर्थ मिश्र बोलीचा. निजामाच्या या फौजेस १८५३ च्या तहानंतर ‘हैदराबाद कंटिंजंट’ हें नांव मिळालें, व १९०३ पर्यंत हिंगोली हें तिच्या छावण्यांपैकीं एक ठाणें होतें. अशा ठाण्यांच्या आश्रयानें पलटण, गारद, कवाईत, रिसाला, कप्तान हे शब्द आसपासच्या मराठींत मुरले. यांतील कांहीं इंग्रजी-फ्रेंच मूळचे, कांहीं अरबी-फारसी मूळचे, आणि खेडुतास दोन्ही सारखेच. पहाऱ्यावरील शिपायाचा ‘हुकूमदार’ हा पुकार तर मासलेवाईक आहे. ‘कोण येतो तिकडे’ अशा अर्थाचें तें इंग्रजी वाक्य. शिपायाच्या जिभेवर त्याचें रूप असें झालें कीं, पाहणाऱ्यास तो ‘हुकूम’ व ‘दार’ यांचा फारसी समास वाटावा. अशा शब्दांची व्युत्पत्ति डोळ्यांनीं लावूं नये, कानांनीं लावावी.

याच जिल्ह्यांतील नरसी हें परंपरेनें नामदेवांचें जन्मस्थान, आणि औंढा नागनाथ हें त्यांचे गुरु विसोबा खेचर यांचें स्थान मानितात. नामदेवांचीं एकसष्ट पदें शिखांच्या आदिग्रंथांत आहेत. तो ग्रंथ १६०४ सालीं सिद्ध झाला. त्या पदांच्या उत्तरेकडील भाषेंत मधून मधून ‘चा’, ‘चे’ असे मराठी प्रत्यय आढळतात. ते पंजाबी वाचकास अपरिचित. एखाद्या नकलकारानें त्यांस अशुद्ध समजून सुधारिलें असतें तर कोणीं दोष दिला नसता. परंतु ते जसेच्या तसे राखले गेले, म्हणून आज त्या पदांचा महाराष्ट्राशीं असलेला संबंध भाषेच्या अंगानेंही दाखवितां येतो. न कळणारें अक्षर तसेंच उतरून घेणें याचें मोल किती, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस माहीत नाहीं.

७. परिभाषा

पांचवा अर्थ परिभाषेचा, आणि संग्राहकांचा संबंध नित्य याच्याशीं येतो. ‘सबा सबैन मया व अलफ’ हे शब्द नवख्यास मंत्रासारखे वाटतात. परंतु सबा म्हणजे सात, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. एकूण ११७७ हा सुहूर सन, म्हणजे इ.स. १७७६-७७. जी अक्षरें अर्थशून्य वाटलीं त्यांतच कागदाचा काळ होता. निजामी मुलखांत यांत फसली सनाची भर पडते. त्यांत ५९० मिळविले कीं इसवी सन येतो. महजर, मिरास, इजारा, जमाबंदी हे शब्दही असेच. लिहिणाऱ्यास त्यांचा अर्थ रेसभरही संदिग्ध नव्हता. उलट ‘मिरास’ म्हटल्यानें जो हक्क एका शब्दांत सिद्ध होई, तो सांगण्यास आज आपणांस परिच्छेद लिहावा लागतो.

ही परिभाषा जड होते अशी तक्रारही जुनीच आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथपंडितांनीं राज्यव्यवहारकोश रचून दरबारी यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. निजामी राज्यांत फारसीची जागा उर्दूनें घेतली, व १९४८ च्या सप्टेंबरांत तें राज्य संपल्यावर पुढें मराठी आली. प्रत्येक पालटाबरोबर आधल्या पिढीचे स्पष्ट कागद पुढल्या पिढीस अस्पष्ट झाले. कागद होता तसाच राहिला, वाचणारा बदलला.

८. मराठी प्रतिशब्द व संग्राहकांस सूचना

एकंदरीत पाहतां, ‘जार्गन’ला मराठींत एकच प्रतिशब्द देणें अयोग्य होय. पक्ष्यांविषयीं असेल तेथें ‘किलबिल’, खरोखर असंबद्ध असेल तेथेंच ‘बडबड’ किंवा ‘प्रलाप’, टोळीच्या अथवा पेठेच्या संकेतास ‘सांकेतिक भाषा’, मिश्रणास ‘मिश्रबोली’ किंवा ‘धेडगुजरी’ (हा दुसरा शब्द निंदाव्यंजक आहे हें लक्षांत ठेवून), व धंद्याच्या शब्दांस ‘परिभाषा’ असें योजावें. पुटपुटणें, चाचरणें, तोतरें व बोबडें बोलणें हे उच्चाराचे प्रकार आहेत; त्यांचा या शब्दाशीं संबंध नाहीं.

न लागणारा मजकूर हातीं आला असतां पुढील क्रम उपयोगी पडतो. प्रथम तो आंकडा अथवा सन आहे काय तें पाहावें. मग तो एखाद्या कचेरीचा वा धंद्याचा शब्द आहे काय तें पाहावें. नंतर दुसऱ्या भाषेंतील शब्द मराठी कानानें लिहिला आहे काय, हें मोठ्यानें वाचून पाहावें. चौथ्यानें, नेहमींचाच शब्द निराळ्या अर्थानें योजिला आहे काय याचा विचार करावा. ‘बनिज’सारखे शब्द याच पायरीवर सांपडतात. या चारही पायऱ्या संपल्यावांचून पांचव्या पायरीवर, म्हणजे ‘अर्थशून्य’ या शेऱ्यावर, जाऊं नये. आणि कोणत्याही पायरीवर मूळ अक्षर ‘सुधारून’ लिहूं नये.

हिंगोली, कळमनुरी व वसमत येथील जुन्या पेढ्यांच्या वह्या, आडत्यांच्या चिठ्ठ्या व पाटील-पांड्यांचीं दप्तरें ज्यांच्या घरीं असतील, त्यांस आमची विनंति आहे कीं, न लागणारे कागद आधीं जपावे. सनदा व महजर यांस मान असल्यामुळें ते राहतात. वाळवी व रद्दीवाला यांच्या हातीं प्रथम पडते ती अशी चिठ्ठी, कीं जिचें कोणास कांहीं कळत नाहीं. हरिसिंगाच्या बाजारांतील बोलणें आज आपणांस माहीत आहे तें फक्त कैद्यांच्या जबान्यांतून व रोमन अक्षरांतून. त्याच पेठेंतील प्रामाणिक वाण्याची भाषा त्याच्या स्वतःच्या मोडी अक्षरांत एखाद्या वहींत सांपडली, तर कोणता शब्द टोळीचा व कोणता साऱ्या बाजाराचा, हा निवाडा करतां येईल. आणि तो निवाडा शब्दांचाच राहणार नाहीं, ज्यांच्यावर त्या शब्दांवरून ठपका आला त्या माणसांचाही होईल. इत्यलम्.